खोटा रुग्ण, खरी परीक्षा
लॉस एंजेलिसमध्ये १९६३ साली मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी एका मॉडेलला रुग्ण व्हायला शिकवले. दोन्ही पाय लुळे, एक डोळा अंध. तळपायावर टोक ओढले की अंगठा कसा वर उचलायचा, हेसुद्धा. विद्यार्थी तपासून गेला की त्याचे काय राहून गेले, हे ती सांगे. नाटकीपणा म्हणून टीका झाली, पण पद्धत रुजली. २००४ पासून अमेरिकेतील डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतच असे रुग्ण आले. भारतातून जाणाऱ्या डॉक्टरांनाही त्यासाठी अमेरिका गाठावी लागे. कोविडमुळे २०२० मध्ये ही परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची रद्द झाली.

हजार डॉलरहून अधिक शुल्काची तक्रार रास्तच होती. तरीही हा निर्णय आम्हाला पटत नाही. कर्करोगाचे निदान सांगताना डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसतो की दाराशी उभ्यानेच बोलून निघतो, हे संगणकावरच्या प्रश्नपत्रिकेत कळत नाही. आपल्याकडे २०१९ च्या अभ्यासक्रमाने संवादकौशल्याला जागा दिली आहे. मराठी रंगभूमीला नटांची वाण नाही. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना मानधन देऊन बोलवावे आणि विद्यार्थ्यांना गुण देण्याचा अधिकारही द्यावा.