तीच गाडी, तोच बिघाड

माणसाच्या दुखण्याला आपल्याकडे इतिहास असतो. डॉक्टर प्रथम विचारतात, "हे कधीपासून होते आहे?" गाडीच्या दुखण्याला मात्र इतिहास नसतो. ती दुरुस्तीला नेली की जणू जन्मात पहिल्यांदाच आजारी पडली आहे, अशा थाटात तिचे स्वागत होते. एकच बिघाड पुनःपुन्हा का होतो, याचे मूळ मला या विस्मरणात दिसते. आणि हे विस्मरण दर वेळी निरागस असतेच असे नाही.

आपला श्रीरामपूर तालुका चाकांवर जगतो. ऊस कारखान्याला, कांदा बाजार समितीत आणि दूध डेअरीत जायचे, तर गाडी हवीच. आमच्या घरीही कर्ज काढून घेतलेला, दूध वाहणारा छोटा टेम्पो आहे. वॉरंटीच्या पहिल्याच वर्षात त्याच्या रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले आणि इंजिन तापू लागले. सर्व्हिस सेंटरने पहिल्या खेपेस होज पाइप बदलला, दुसऱ्या खेपेस रेडिएटरचे झाकण, तिसऱ्या खेपेस थर्मोस्टॅट. "आता काळजी नको, काका," हे आश्वासन तेवढे दर वेळी फुकट मिळाले. मे महिन्यात गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली आणि दूध नासले. बँकेचा हप्ता काही नासत नाही.

गावातल्या एका जुन्या मिस्त्रींनी इंजिन थंड असताना झाकण काढले, इंजिन चालू केले आणि पाण्यातून वर येणारे बुडबुडे दाखवले. म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरतोय." पण त्यांनी पाना लावला तर वॉरंटी जाण्याची भीती! ज्याला रोग कळला त्याला औषध देण्याची मुभा नाही, आणि ज्याच्याकडे औषध आहे त्याला रोग पाहण्याची सवड नाही.

मग मी तिन्ही जॉबकार्डे पुढे घेऊन बसलो. वडिलांनी दर वेळी एकच सांगितले होते: "पाणी कमी होतंय, इंजिन तापतंय." कागदावर मात्र दोनदा "जनरल चेकअप" आणि एकदा "कूलंट टॉप-अप". कागदावरून पाहावे तर ही गाडी कधी तापलीच नव्हती! चौथ्या खेपेस स्वतःचे वाक्य तारखांसह जॉबकार्डावर उतरल्याशिवाय वडिलांनी सही केली नाही. तेव्हा कुठे इंजिन उघडले गेले.

कामगारांची बाजूही पाहिली पाहिजे. दिवसाकाठी ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या, पगार तुटपुंजा, शिवाय वॉरंटीतले मोठे काम वरून मंजूर करून घ्यायचे. सुटा भाग बदलणे सोपे, कारण शोधणे अवघड. म्हणूनच दोष हातांपेक्षा पद्धतीचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो कागद मागतो. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा एरवी लागू नाही. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीचा मालक ग्राहकच ठरतो. तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, त्याला दाद मागता येते.

सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियमही १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत ठरावीक प्रमाणात तक्रारी नोंदल्या गेल्या, तर कारवाई होऊ शकते. म्हणजे तेथेही मोजल्या जातात त्या नोंदलेल्या तक्रारी. चहाच्या टपरीवरची कुरकूर कोणी मोजत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेवरच्या एका स्कूटरने पेट घेतला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. आग सर्वांना दिसते. निमूटपणे पाणी आटवणारी गाडी कोणाला दिसणार? तिची साक्ष कागदानेच द्यायला हवी.

येथे आपला, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. आपल्याला इंजिन कळत नाही, असे सायन्सचे मित्र हसून म्हणतात. नसेल कळत, पण वाक्य कळते. "जनरल चेकअप" आणि "तिसऱ्यांदा इंजिन तापले" यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळावा? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर एक दिवस गावच्या चावडीवर बसून शेतकऱ्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या तक्रारी तारीखवार, नेटक्या मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे? प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या शिबिरातच हे करता येईल. कागद आणि पेन एवढेच साहित्य लागेल, आणि ते आपल्याजवळ आहे.