बांध पेटवून पाखरं बघायला निघालो!



काल सकाळी थंडीत आम्ही चौदा-पंधरा जण शिवारफेरीला निघालो. मफलर, मोबाईल, हुरड्याचा बेत, सगळं जोरात. तासभर हिंडलो, पाखरं मोजकीच. जो तो म्हणतोय, "पूर्वीसारखी पाखरं राहिली नाहीत राव!"

राहतील कशी? बांधावरची बोर-बाभळ आपणच तोडली, गवत आपणच पेटवलं. मीही त्यातलाच, मागच्या उन्हाळ्यात माझाच बांध जाळलाय. आता हरभऱ्यात घाटेअळी दिसली की पळतोय औषधाच्या दुकानात.

कोतवाल, साळुंकी फुकटात अळ्या वेचतात, त्यांना बसायला जागा तरी द्या! जुनी माणसं हरभरा पेरताना ज्वारीचे चार दाणे टाकायची, ते उगाच नाही. एकरी 20 पक्षीथांबे रोवा. मीटरभर ओळीत 1-2 अळ्या सापडल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.

आणि कृषीवाल्या साहेबांनो, बॅनर धरून फोटो काढला म्हणजे शिवारफेरी झाली नाही. ओळीत बसून अळ्या मोजायला शिकवा.

पुढच्या फेरीला येताना प्रत्येकानं दोन काठ्या आणा. आधी थांबे रोवू, हुरडा मग.