प्लास्टिकच्या पिस्तुलाची वकिली

ग्वाल्हेरात पिस्तुलाचा विषय निघाला की तो फार वेळ यंत्रापाशी थांबत नाही. आधी घराण्यावर जातो, मग आजोबांवर, मग कोणाच्या वरातीत किती बार उडाले त्यावर. अशा गावात कोणी म्हणालं की जगातल्या बहुतेक फौजांची आणि पोलिसांची पिस्तुलं आता प्लास्टिकच्या सांगाड्याची असतात, तर समोरचा मिशीतल्या मिशीत हसतो. ‘पिचकारी है, भाईसाहब’ एवढ्यावर निकाल लागतो. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतही निकाल हाच, फक्त त्याला शिंद्यांच्या तोफखान्याचा दाखला जोडलेला असतो.

मला हा निकाल मान्य नाही. तो ज्या गावात दिला जातो तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, भिंड जिल्ह्याच्या हद्दीतल्या मालनपूरला, २०१७ पासून पीएलआर सिस्टिम्सचा शस्त्रकारखाना आहे. इस्रायलच्या आयडब्ल्यूआय कंपनीच्या भागीदारीत तो उभा राहिला, २०२० मध्ये त्यात अदानी समूह आला. टॅव्हर, गलील, नेगेव या बंदुकांची नावं फौजेतल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. त्याच कंपनीच्या यादीत ‘मसाडा’ नावाचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आहे आणि त्याचा सांगाडा पॉलिमरचा आहे. गंमत अशी की ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य परवानाधारकाला बंद. जे हत्यार आपल्याला विकतच घेता येत नाही त्याच्या नावाने बोटं मोडण्याची चैन ग्वाल्हेरकर करू शकतात.

तरी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही.

पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. प्लास्टिक तडकेल, उन्हात मऊ पडेल, दहा वर्षांत कुजेल. ज्यांनी वाडवडिलांची पिस्तुलं हाताळली आहेत त्यांच्या या शंकेला अनुभवाचा आधार आहे. जुन्या विलायती पिस्तुलांच्या मुठीवर बॅकेलाइटच्या किंवा कडक रबराच्या पट्ट्या असत. त्या आक्रसत, तडकत, स्क्रूपाशी तुटत, आणि मिस्त्री मग शिसवीची मूठ कोरून देई. पण बॅकेलाइट वेगळं आणि आजचं पॉलिमर वेगळं. बहुतेक सांगाड्यांचा पाया नायलॉनचा असतो, पुष्कळदा त्यात काचतंतू मिसळलेले असतात. नायलॉन ६६ वितळायला सुमारे २६० अंश सेल्सिअस लागतात. ग्वाल्हेरचा उन्हाळा पन्नास अंशांच्या आतच थांबतो, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डावर पिस्तूल ठेवणाऱ्याचा परवाना पिस्तूल वितळण्याआधीच रद्द व्हावा.

शिवाय ‘प्लास्टिकचं पिस्तूल’ हे नावच अर्धवट आहे. नळी पोलादाची, स्लाइड पोलादाची, स्प्रिंग आणि फायरिंग पिन पोलादाची. स्लाइड ज्यावरून धावते त्या पट्ट्याही पोलादी, सांगाड्यात बसवलेल्या. गोळी सुटताना जो दाब निर्माण होतो तो नळी आणि स्लाइड झेलतात. सांगाड्याचं काम हे सगळं जागच्या जागी धरून ठेवण्याचं. ग्लॉक पिस्तुलाच्या वजनात चार-पंचमांशाच्या आसपास धातूच असतो. त्यामुळेच ‘हे मेटल डिटेक्टरमधून निसटतं’ ही १९८० च्या दशकात अमेरिकेत उठलेली आणि सिनेमांनी पसरवलेली आवई खोटी ठरली. एवढं पोलाद घेऊन कोणी विमानतळात शिरला तर यंत्र ओरडतंच.

या प्रकाराचा इतिहासही पन्नास वर्षांवर गेला आहे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने १९७० मध्ये पॉलिमर सांगाड्याचं व्हीपी ७० काढलं, ते फारसं चाललं नाही. खरी उलथापालथ केली गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन कारखानदाराने. हा माणूस पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवायचा. त्याआधी त्याने पिस्तूल बनवलेलंच नव्हतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचं ग्लॉक १७ स्वीकारलं. रिकामं असताना वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. परंपरेचं ओझं नसलेल्या माणसाने पिस्तूल हा प्रश्न कोऱ्या पाटीवर सोडवला, म्हणून तो सुटला असं मला वाटतं. २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने अॅल्युमिनियम सांगाड्याच्या बेरेट्टाची जागा ज्या सिग पिस्तुलाला दिली, तेही पॉलिमरच्या मुठीचं. इतक्या फौजांनी चिखलात, वाळूत, बर्फात वापरून पाहिलेल्या वस्तूला न हाताळता पिचकारी म्हणणं ही परीक्षा नव्हे.

आणि पोलाद म्हणजे भरवसा हे समीकरण निदान चंबळच्या खोऱ्यात तरी कोणी मांडू नये. इथला देशी कट्टा लोखंडाचाच असतो. पाइपाच्या नळीचा तो कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो तेव्हा धातूचा अभिमान कामाला येत नाही. हत्याराची सुरक्षितता धातू कसा घडवला, कसा तपासला यावर ठरते.

दुसरा आक्षेप धक्क्याचा, आणि तो खरा आहे. हलकं पिस्तूल हातात जास्त उसळतं. अमेरिकेचं जुनं कोल्ट १९११ सुमारे १.१ किलोचं आहे. तेवढं वजन हातात असलं की धक्का त्यातच जिरतो. पॉलिमर किंचित लवतं, त्यामुळे धक्का थोडा पसरतो, पण वजनाची भरपाई त्याने पुरती होत नाही. स्पर्धेत उतरणारे नेमबाज हे जाणून असतात. सव्वा किलोच्या वर वजनाचं पोलादी सीझेड शॅडो २ घेऊन सामने खेळणारे काही जुनाट विचारांचे नाहीत. तेव्हा कागदी निशाण्यावर तासन्‌तास नेम धरणाऱ्याने पोलाद घ्यावं, माझी तक्रार नाही. मात्र ग्वाल्हेरच्या परवानाधारकाकडे असतं .३२ बोअर. त्या गोळीचा धक्का असतो केवढा? धक्क्याच्या भीतीने ज्याला किलोभर लोखंड हवं, त्याला खरं तर सराव हवा.

तिसरा आक्षेप नुसता घोटाळ्यातून आला आहे. ‘प्लास्टिकच्या पिस्तुलाला सेफ्टी नसते.’ ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नाही, ती चापात आणि आत आहे. पण हा ग्लॉकच्या रचनेचा निर्णय, नायलॉनचा गुण नव्हे. हेकलर अँड कॉखचं १९९३ चं यूएसपी पॉलिमरचंच आहे आणि त्यावर अंगठ्याची सेफ्टी मिळते. ज्याला तशी सवय आहे त्याने तशी रचना मागावी.

आता उरला तो आक्षेप, जो उघडपणे कोणी मांडत नाही आणि बाकीचे सगळे ज्याच्या पोटी जन्मतात. पॉलिमरला शान नाही. त्याला ब्लूइंगची निळसर काळी झाक चढत नाही, त्याच्यावर नक्षी उठत नाही, मुठीत हस्तिदंत बसत नाही. नातवाच्या हाती देताना ‘हे तुझ्या पणजोबांचं’ असं म्हणावं असं त्यात काही नाही. ते काळं, चौकोनी, एखाद्या ड्रिल मशीनसारखं दिसतं.

हे सगळं कबूल. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

कारण या मुलखात शस्त्राने हत्यार असणं कधीच सोडलं आहे. ते पुरुषाचा दागिना झालं आहे, आणि प्रशासनालाही ते इतकं पक्कं ठाऊक आहे की त्याचा चारा म्हणून वापर होतो. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला शस्त्रपरवान्यात प्राधान्य देण्याची टूम निघाली. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने परवाना हवा असेल तर दहा झाडं लावा आणि रोपासोबतचा फोटो दाखवा असं सांगितलं. झाडं वाढली असतील तर उत्तमच. पण ज्या वस्तूसाठी माणूस नसबंदीलाही तयार होतो, ती स्वसंरक्षणाच्या हिशेबाने घेतलेली नसते. लग्नात हवेत गोळ्या उडतात त्या याच दागिन्याच्या. त्या खाली येताना कोणाच्या तरी गच्चीवर येतात, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात अशा ‘हर्ष फायर’साठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

जुन्या पोलादाभोवती आठवणींची आरती करणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक सांगावंसं वाटतं, जरी ते या गावात ऐकायला आवडत नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते बेरेट्टा ग्वाल्हेरातच मिळवलेलं होतं. तेही अस्सल पोलादी, सुबक, विलायती. वस्तूच्या सुबकपणाने तिचा इतिहास उजळत नाही.

राहिला शिंद्यांच्या तोफखान्याचा दाखला. तो तर उलट बाजूने जातो. महादजींनी १७८४ नंतर द बॉयन या गोऱ्या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या, आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतवल्या. गनिमी कावा सोडला म्हणून त्यांना दोष देणारे आजही भेटतात. पण महादजींनी आजोबांचा भाला कुरवाळत न बसता त्यांच्या काळातलं सगळ्यात नवं हत्यार उचललं. त्यांचं नाव घेऊन नवेपणाला नाकं मुरडणं म्हणजे त्यांनाच खोटं पाडणं.

मात्र याच इतिहासाचा दुसरा चिमटा पॉलिमरच्या भक्तांना बसतो, आणि तो त्यांना बसायलाच हवा. सप्टेंबर १८०३ मध्ये असईला शिंद्यांच्या तोफा कमी पडल्या नव्हत्या; त्यांनी वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली होती. कमी पडले ते चालवून घेणारे. युद्ध तोंडावर आलं तसे कित्येक गोरे अधिकारी चाकरी सोडून गेले, आणि त्याच महिन्यात उत्तरेत खुद्द शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. हत्यार नवं, हात उसना. आजचा तरुण उत्साही परवानाधारक याच वाटेवर आहे. व्हिडिओ पाहून त्याला ग्लॉकची सगळी मॉडेलं तोंडपाठ असतात, कमांडो वापरतात तेच त्याला हवं असतं. पण वर्षभरात तो किती गोळ्या झाडतो ते विचारा. काडतुसांना परवान्यावर मर्यादा आहे, रेंज हाताशी नाही, हे खरंच. मग १७ गोळ्यांचं मॅगझिन कशाला हवं? ‘पॉलिमरला निगा लागत नाही’ हे त्याचं दुसरं पालुपद. सांगाडा गंजत नाही, बस. नळी, स्लाइड, स्प्रिंग, मॅगझिन यांना तेल लागतंच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की या पट्ट्यातली परवान्याची हत्यारं ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा होतात. परत आणल्यावर जो ती न उघडता कपाटात ठेवतो, त्याला नायलॉन वाचवणार नाही.

तरीही वकिली सोडत नाही, कारण साध्या माणसाच्या गरजेला पॉलिमरच उत्तर देतं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्वर काढलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम. ते साधलं टायटॅनियमच्या मिश्रधातूने, आणि किंमत गेली सव्वा लाखाच्या घरात. जिला खरंच संरक्षण हवं तिला ते परवडणार कसं? पॉलिमर वजन उतरवतं आणि किंमतही. त्याच्या अनेक नव्या मॉडेलांत मुठीची मागची पट्टी बदलून मूठ लहान-मोठी करता येते, म्हणजे लहान हाताला नीट पकड मिळते. पोलादी सांगाड्यात हे मिस्त्रीच्या कानशीला जमणारं नाही.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. याच मध्य प्रदेशात, महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेच्या साथीने चार महिन्यांत ‘अस्मि’ हे ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल उभं केलं. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, एका नगाचा उत्पादनखर्च पन्नास हजारांच्या आत. मराठी माणसाने घडवलेल्या या हत्याराला पिचकारी म्हणताना लष्कर भागातली आमची मंडळी जरा अडखळतील, अशी आशा आहे.

तेव्हा परवानाधारकांनी मागायचंच असेल तर हे मागावं: सरकारी कारखान्यांनी .३२ मध्ये पॉलिमर सांगाड्याचं, लाखाच्या बरंच खाली किमतीचं, अंगठ्याच्या सेफ्टीचं साधं पिस्तूल द्यावं, आणि सरावाच्या काडतुसांचा वेगळा कोटा जिल्ह्याच्या रेंजवरच वापरायच्या अटीवर द्यावा. २०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेली त्यात धरून. म्हणजे आजोबांचं वेब्ली आणि काकांची दुनाळी कपाटात असली की नव्यासाठी जागाच उरत नाही. कोणतं ठेवायचं आणि कोणतं जमा करायचं हा प्रश्न घराघरात येणार आहे, आला आहे. ज्यांचं मन जुन्याला सोडवत नाही त्यांनी ते जरूर ठेवावं, पण एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून उघडून घ्यावं, स्प्रिंग बदलावी, आणि खोक्यातली पंधरा वर्षांपूर्वीची काडतुसं आधी दुकानदाराकडे नेऊन द्यावीत.