‘हँडिकॅप’: टोपीतला हात आणि प्रेसखालचा हात

‘हँडिकॅप’ या शब्दाविषयी एक कथा चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते. टोपी पुढे करून भीक मागणाऱ्या जायबंदी सैनिकांवरून हा शब्द आला, म्हणून तो अवमानकारक, म्हणून तो टाकावा. कथा हृद्य आहे. पण ती खोटी आहे. शब्दांमागचे सत्तासंबंध उकलू पाहणाऱ्या समीक्षेने अशा व्युत्पत्तीवर भिस्त ठेवणे हा केवळ तपशिलाचा दोष नव्हे. त्यामुळे खरा सत्तासंबंधच नजरेआड होतो.

‘हँड इन कॅप’ हा सतराव्या शतकातील इंग्लंडमधला अदलाबदलीचा खेळ. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत 1660 साली त्याचा उल्लेख येतो. दोघे आपापल्या वस्तू पुढे करीत, मूल्यातील तफावत पंच ठरवी आणि टोपीतून हात कसा बाहेर येतो यावरून संमती वा नकार कळे. अठराव्या शतकात ही रीत घोड्यांच्या शर्यतींत शिरली. सरस घोड्यावर पंचाने जादा वजन लादायचे. म्हणजे चुरस टिकते आणि पैजेला अर्थ उरतो. पुण्याच्या रेसकोर्सवरील हँडिकॅप शर्यती याच तत्त्वावर चालतात. तेव्हा या अर्थाने ‘हँडिकॅप’ हा घोड्याचा गुणधर्म नाही. तो अधिकाऱ्याने बाहेरून लादलेला भार आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात तो कोणत्याही अडचणीचा वाचक झाला आणि विसाव्या शतकात देहाला चिकटला.

यावर आक्षेप येईल की, शब्दाचा पूर्वेतिहास म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. सोस्यूरनंतर हे सांगण्याचीही गरज नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच व्युत्पत्ती बाजूला ठेवून मराठीतील आजचा वापर पाहावा. इंग्रजी ‘हँडिकॅप्ड’ हे कर्मणी रूप आहे. भार लादणाऱ्या कर्त्यासाठी त्यात निदान व्याकरणापुरती जागा राहते. मराठीने तो प्रत्यय गाळला. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग ठोकणाऱ्या प्रेसवर कामगाराचा हात सापडला, तर बोलण्यात येते ते असे : ‘बोट गेलं’, ‘तो हँडिकॅप झाला’. दोन्ही क्रियापदे अकर्मक. बोट जणू आपल्या पायांनी निघून गेले! उत्पादनाचा वेग राखण्यासाठी गार्ड कोणी काढला, दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कोणी निकामी केले, हे प्रश्न वाक्यरचनेतच बुजतात.

पंच मात्र नाहीसा झालेला नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवांचे कोष्टकच मांडले : अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी 30 टक्के, संपूर्ण तर्जनी 14, मधले बोट 12, करंगळी 7. घोड्याच्या पाठीवरील वजनाइतक्याच काटेकोरपणे येथे हाताची किंमत ठरते. फरक एवढाच की, शर्यतीत भार सबळावर पडतो. कारखान्यात तो कंत्राटी मजुरावर पडतो आणि पुढच्या भरतीत त्याला पुन्हा त्याच मैदानात, त्या भारासह धावावे लागते.

या पार्श्वभूमीवर नामांतराचा उत्साह तपासला पाहिजे. अपंग, विकलांग आणि 2015 पासून प्रचारात आलेला ‘दिव्यांग’ : प्रत्येक टप्प्यावर शब्द अधिक सौम्य झाला. ‘हँडिकॅप’ने कर्ता लपवला, ‘दिव्यांग’ने घटनाच लपवली. दिव्यत्व बहाल केलेल्या देहाला कोणी इजा केली, असे विचारणे असभ्य वाटू लागते. सन्मानाची गरज नाकारण्याचे कारण नाही; ज्यांच्याविषयी शब्द वापरायचा, त्यांची पसंती त्यात निर्णायक असावी, हेही खरे. पण सन्मान हा जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही.

समीक्षेचे काम सोवळे शब्द सुचवण्याचे नाही. वाक्यातून गाळलेला कर्ता परत आणण्याचे आहे. ‘बोट गेलं’ या वाक्यापाशी थांबून ‘कोणी घेतलं?’ असे विचारता आले नाही, तर टोपीची कथा सांगणारा अभ्यासक आणि अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिणारा कारकून यांच्यात फारसे अंतर उरत नाही.