मिडऑनच्या डोक्यावरून

शिवाजी पार्कवर माझी संध्याकाळ कशी जाते, ते या सदराच्या वाचकांना सांगायला नको. गेल्या मंगळवारी एका नेटच्या मागे उभा होतो. अकरा-बारा वर्षांचा एक पोरगा खेळत होता. समोरच्या ऑफस्पिनरने चेंडूला जरा उंची दिली, तसा हा दोन पावलं पुढे आला आणि त्याने चेंडू मिडऑनच्या डोक्यावरून सरळ टोलवला. डोकं स्थिर, बॅटचा पूर्ण झोका, कुठे ओढाताण नाही. शेजारच्या नेटमधली पोरं खेळ थांबवून बघत राहिली. सर एवढंच म्हणाले, "पॅड काढ. दोन राउंड मार." कडेला उभ्या असलेल्या वडिलांनी मान डोलावली. "घरी मीही हेच सांगतो सर, वर मारायचं नाही."

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "अहो, याच मैदानावरून संदीप पाटील भारताच्या संघापर्यंत गेले ना! त्यांनी हा फटका मारला नसता, तर त्यांना कुणी ओळखलं असतं का?" त्यांनी खिशातून फोन काढला, आकडे पाहिले आणि निकाल दिला, "टॅलेंट होतं हो, पण कन्सिस्टन्सी नव्हती." आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आकडे खरे आहेत. २९ कसोटी, १,५८८ धावा, सरासरी ३६.९३, शतकं चार. एकदिवसीय सामने ४५ आणि शतक एकही नाही. कसोटीतल्या ४७ डावांत पन्नाशी ओलांडली ती अकरा वेळा. एवढ्या गुणांच्या फलंदाजाला हे कमीच, हे मीही मान्य करतो. मधले कितीतरी डाव चांगली सुरुवात करून त्यांनी सोडून दिले. मी त्यांचा चाहता असलो, तरी हे झाकून ठेवणार नाही.

पण जानेवारी १९८१ मधलं सिडनी आठवा. आधी रॉडनी हॉगचा चेंडू गळ्यावर बसला. मग चहापानाच्या तोंडावर लेन पॅस्कोचा उसळता चेंडू कानावर आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पाटील खेळपट्टीवरच कोसळले. तेव्हा ते ६५ धावांवर खेळत होते. पुढची कसोटी त्याच महिन्यात ॲडलेडला. समोर लिली, पॅस्को आणि हॉग, तिघेही. ऑस्ट्रेलियाच्या ५२८ धावा फलकावर. त्या दडपणाखाली चोवीस वर्षांच्या या मुलाने १७४ धावा ठोकल्या, आणि त्या बचाव करून नव्हे, त्याच गोलंदाजांना फोडून. ती कसोटी शेवटी आठ गडी गमावून आपण कशीबशी वाचवली आणि मेलबर्नला जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. मेलबर्न म्हटलं की सगळ्यांना कपिल देवचे पाच बळी आठवतात. पण ॲडलेड वाचलं नसतं, तर मेलबर्नला बरोबरी कशाची साधली असती?

नंतर जून १९८२, ओल्ड ट्रॅफर्ड. बॉब विलिस इंग्लंडचा कर्णधार, हातात नवा चेंडू. पहिला चौकार, दुसरा चौकार, तिसरा नो-बॉल आणि त्यावरही चौकार. चौथा चेंडू निर्धाव. पुढचे तिन्ही पुन्हा सीमेपार. एका षटकात २४ धावा, सगळ्या चौकारांच्या. साडेसहा फूट उंचीच्या त्या माणसाने प्रत्येक चेंडूनंतर लांबलचक रनअपच्या टोकापर्यंत परत चालत जायचं आणि पुन्हा धावत येऊन तेच बघायचं. पाटील नाबाद १२९. पुढच्या वर्षी विश्वचषकाची उपांत्य फेरीही तिथेच, समोर पुन्हा विलिस. ३२ चेंडूंत नाबाद ५१ आणि आपण लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात. असा माणूस संघात असला, की प्रतिस्पर्धी कर्णधाराला क्षेत्ररक्षण लावताना चार वेळा विचार करावा लागतो. सरासरीच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही.

आता माझं खरं दुखणं सांगतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये फैसलाबादला पाटील यांनी १२७ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध कसोटी वाचवायची होती, तेव्हा ४१ वर असताना उंच फटका मारून ते झेल देऊन बसले. पाठोपाठ कपिलही तसाच गेला. कसोटी हातची गेली. लोक चिडले, निवड समिती चिडली. तेही मी समजू शकतो, त्या दिवशी मीही चिडलो होतो. पुढच्या कोलकात्याच्या कसोटीतून दोघांनाही वगळलं. पाटील यांच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकली, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. कपिल मात्र लगेच परतला. त्याच्या १३१ कसोटींच्या कारकिर्दीत चुकली ती हीच एक. पाटील कसोटीत परत आलेच नाहीत. वय होतं अठ्ठावीस! फलंदाजाच्या बहराची वर्षं तर पुढेच असतात. ज्या फटक्यासाठी निवडला, त्याच फटक्यापायी काढला. आणि चाळीस वर्षांनी नेटच्या कडेला उभं राहून कुणी म्हणतो, कन्सिस्टन्सी नव्हती. ती दाखवायला डाव लागतात, ते दिलेत कुठे?

आपलं मुंबईचं क्रिकेट खडूस, याचा मला अभिमान आहे. विकेट फेकायची नाही, हे बाळकडू आम्हीही प्यायलो. पण त्याच मुंबईने पाटीलही घडवले, हे का विसरायचं? नंतर ते मध्य प्रदेशकडून खेळायला गेले, त्या संघाचे कर्णधार झाले आणि १९९० मध्ये मुंबईच्याच गोलंदाजीवर १८५ धावा काढल्या. मुंबई हरावी असं मला कधीच वाटलेलं नाही, पण त्या खेळीचा आनंद मात्र लपवता आला नाही. पुढे २००३ च्या विश्वचषकात केनियाला उपांत्य फेरीपर्यंत नेणारा प्रशिक्षक कोण? हेच पाटील. ज्या संघाकडून कुणाला काहीच अपेक्षा नव्हती, त्याने श्रीलंकेला हरवलं. बिनधास्त खेळा, हे सांगायला तसाच माणूस लागतो.

आणि 'एकच षटकार'! संदीप पाटील संपादक असलेलं ते मराठी क्रीडा नियतकालिक. एवढा मोठा खेळाडू आपल्या भाषेत, आपल्यासाठी अंक काढतो, याचंच आम्हाला अप्रूप. आमच्या चाळीत एक अंक पाच बिऱ्हाडं फिरायचा आणि परत यायचा तेव्हा मधली पानं गायब झालेली असायची, कारण कुणीतरी कात्रीने फोटो कापून भिंतीवर डकवलेले असायचे. क्रिकेट वाचायचं कसं, हे आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना त्या अंकाने शिकवलं. पुढे वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर लिहू लागलेले माझे दोन मित्र तर त्याचीच पारायणं करत वाढले. गेल्या काही महिन्यांत मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी केली, रद्दीवाल्यांना विचारलं, पण सलग अंक कुठे मिळाले नाहीत. अशा गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. वाचकांपैकी कुणाकडे बांधून ठेवलेले अंक असतील, तर कृपा करून या सदराच्या पत्त्यावर कळवा. मी स्वतः येऊन वाचेन, एकही पान घेऊन जाणार नाही. आणि तुमची तयारी असेल, तर ते एखाद्या ग्रंथालयात जपून ठेवण्याची खटपटही मीच करीन.