सहकार्य आणि शब्दांचा प्रश्न

लोकसंख्या व प्रजनन-आरोग्य या क्षेत्रांत विकसनशील देशांनी परस्परांना साह्य करावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. १९९४ साली कैरो येथील परिषदेत १७९ देशांच्या सहभागाने कृतिकार्यक्रम स्वीकारला गेला. त्याच वेळी आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील दहा देशांनी ‘पार्टनर्स इन पॉप्युलेशन अँड डेव्हलपमेंट’ ही संघटना स्थापिली. तिचे सचिवालय ढाक्यास आले. भारतही पुढे तीत सामील झाला. शहाणपण केवळ श्रीमंत देशांकडूनच यावे, ही जुनी समजूत त्यामुळे मोडली, हे या प्रयत्नाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु हे सहकार्य कोणत्या भाषेतून चालते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचा विचार करण्यास जयपूरइतके योग्य स्थळ दुसरे नाही. १९८४ साली तेथे भारतीय आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाची भाषा बहुधा इंग्रजी असते आणि ते अपरिहार्यही असेल. त्याच वर्षी राजस्थानात महिला विकास कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या ‘साथिन’ हा त्याचा कणा होता. या कार्यक्रमातून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक निर्माण झाले आणि १९८९ मध्ये दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने ते प्रसिद्ध केले. त्याच्या कर्त्या सुमारे ७५ ग्रामीण स्त्रिया होत्या. उघड्या देहाची चित्रे पाहून गावकऱ्यांनी हरकत घेतली, की असा देह कोणी कधी पाहतच नाही. तेव्हा चित्रांतील व्यक्तींना कपडे चढविण्यात आले आणि कागदाची घडी उचलली म्हणजे आतील शरीर दिसावे, अशी योजना झाली. संकोचाचा मान राखून ज्ञान देण्याची ही युक्ती वाचकांच्या हरकतीतूनच सुचली. साहित्याच्या इतिहासकारांनी या पुस्तकाची नोंद घ्यावी, अशी त्याची योग्यता आहे.

शब्द बदलला की धोरणाचा कर्ताही बदलतो, हे मराठीच्या अनुभवावरून स्पष्ट होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, तेव्हा ‘संततिनियमन’ या शब्दात निर्णय करणारी व्यक्ती होती. १९५२ नंतर शासनाने ‘कुटुंबनियोजन’ आणले. नियोजनाचा कर्ता आता कुटुंबाइतकाच शासनही झाला. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि ‘नसबंदी’ हा शब्द भयाचा पर्याय बनला. त्यानंतर १९७७ मध्ये ‘कुटुंबकल्याण’ हे सौम्य नाव योजण्यात आले. आजचे ‘प्रजनन-आरोग्य’ हे तर भाषांतरित पद आहे. मराठीत ‘प्रजनन’ हा शब्द पशुसंवर्धनाच्या संदर्भातही सर्रास वापरला जातो. ज्या स्त्रीच्या हक्काविषयी हे पद बोलते, तिच्या तोंडी ते कधीच येत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की शब्दांची ही चिकित्सा निरर्थक आहे. जन्मदर तर उतरलाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राजस्थानचा एकूण जननदर २.० वर आला, हे खरे. पण त्याच पाहणीत देशभरातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष-शस्त्रक्रियेचे प्रमाण मात्र ०.३ टक्के होते. साधनांच्या दुष्परिणामांची कल्पना दिली गेल्याचे वापरकर्त्या स्त्रियांपैकी सुमारे ६२ टक्क्यांनीच सांगितले. उरलेल्यांची संमती ही कोणत्या अर्थाने संमती म्हणावी? आकडा उतरला, तरी त्याचा भार कोणी आणि काय समजून वाहिला, हा प्रश्न शिल्लक राहतो. कैरोत स्वेच्छेचा उद्घोष झाला त्याच १९९४ साली राजस्थानच्या पंचायती राज कायद्यात दोन अपत्यांची अट होती, हा विरोधाभास येथे आठवावा. आंतरराष्ट्रीय मसुद्यातील शब्द आणि गावच्या पंचायतीतील शब्द यांची भेटच झाली नव्हती.

तेव्हा विकसनशील देशांतील सहकार्य शिष्टमंडळांच्या संख्येवर मोजणे पुरेसे नाही. बांगलादेशात स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जाऊन ज्या बंगालीत बोलल्या, त्या संभाषणाची रीत मारवाडी-ढूंढाडी बोलणाऱ्या साथिनींपर्यंत आणि मराठी ‘आशां’पर्यंत पोहोचणे, हे खरे आदानप्रदान होय. अहवालांच्या इंग्रजीतून ती पोहोचत नाही. तेथे तिचा केवळ सारांश उरतो. हे काम एकट्या वैद्यकाचे नाही. विद्यापीठांतील भाषाविभागांनी बोलींतील शरीरविषयक शब्दांचे संकलन करावे, ‘शरीर की जानकारी’सारख्या ग्रंथांची भारतीय भाषांत आणि शेजारी देशांच्या भाषांत रूपांतरे करावीत आणि ती छापण्यापूर्वी गावातील स्त्रियांना वाचून दाखवावीत. त्यांच्या हरकती हाच संपादनाचा अखेरचा निकष असावा.