नगांचा हिशेब आणि संशोधनाचे मोल

चिंचवडच्या यंत्रशाळांतून पाळी संपली की नग मोजले जातात; परंतु मोजलेला प्रत्येक नग स्वीकारला जातोच असे नाही. गेजवर न उतरणारा नग बाजूला काढणारा तपासनीस तेथे असतो आणि कारखान्याची पत त्याच्या नजरेवर टिकते. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र नग मोजणारे उदंड झाले आणि तपासनीस दिसेनासा झाला, असे खेदाने म्हणावे लागते. शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, या दोन आकड्यांवर विद्वत्तेचा निवाडा होऊ लागला आहे.

यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली, ती अभ्यासकाला आवश्यक वाङ्मय सापडावे म्हणून. पुढे तिचाच मापदंड झाला. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचविलेल्या निर्देशांकाने तर संशोधकाचे सारे आयुष्य एका अंकात बसविले. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले, त्याचा अंक वीस!

या मापाची मर्यादा जनुकसंचाच्या, म्हणजेच जिनोमच्या, संशोधनात विशेष स्पष्ट होते. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो शेकडो शास्त्रज्ञांच्या नावे. अशा निबंधाचा प्रत्येक संदर्भ सर्वांच्या खात्यावर जमा होतो. कोणी नेमके काय केले, हे त्यातून कळत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी दिली. डीएनएचा अनुक्रम वाचण्याची रीत सांगणारा सँगर यांचा १९७७ चा निबंध तीत चौथा होता; परंतु डीएनएची रचना प्रथम उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या निबंधाला त्या शंभरांत स्थान नव्हते. उपयुक्त रीतीचा उल्लेख प्रत्येक जण करतो. सर्वमान्य झालेल्या सत्याचा संदर्भ देण्याची गरज कोणास वाटत नाही.

याच औद्योगिक पट्ट्यातील उदाहरण याहून निकटचे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या शोधाचे वृत्त १९६१ मध्ये छापले गेले, ते कारखान्याच्याच पत्रिकेत. आजच्या गुणपत्रकात तशा पत्रिकेला कोण किती गुण देईल?

आकड्यांचा हव्यास कोठे नेतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, पीएच.डी.साठी छापील निबंध सक्तीचा केला आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्या यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. नंतरच्या ‘केअर’ यादीचे काम पुण्याच्याच विद्यापीठात चालले. २०२५ मध्ये तीही गुंडाळली गेली. पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये उठली होतीच. याद्या बदलल्या, वृत्ती बदलली काय?

आकड्यांच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र दुर्लक्षून चालणार नाही. आकडे नसतील तर वशिला माजेल, ही भीती निराधार नाही; सामान्य घरातून आलेल्या प्राध्यापकाला आकडाच आधार वाटतो. परंतु वशिल्याला उत्तर म्हणजे डोळे झाकून केलेली मोजणी नव्हे. उमेदवाराने आपले उत्तम असे तीन निबंध द्यावेत, त्यांतील स्वतःचा वाटा लिहून द्यावा, बाहेरच्या जाणकारांनी ते वाचावेत आणि आपला अभिप्राय सकारण, लेखी स्वरूपात उमेदवाराच्या हाती द्यावा. पत्रिकेच्या प्रतिष्ठेवरून व्यक्तीची पारख करू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितले आहे.

यास वेळ लागेल, श्रमही पडतील. पण सुट्या भागासाठी जी दक्षता चिंचवडचा कारागीर रोज घेतो, ती विद्येच्या मंदिरात परवडत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?